स्टेशन रोडवर शिंपडलेलं पाणी

आमच्या गावात पाण्याच्या दोन जाती होत्या, खारं आणि गोडं. खारं कुठंही खणलं की लागायचं. गोडं नदीपलीकडच्या दोन विहिरींना होतं आणि ते कातड्याच्या पखालीनं आणावं लागे. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध घातलं की फाटतं, साबण दह्यासारखा होऊन हाताला चिकटतो. एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला एक गोष्ट जास्त ठाऊक होती. त्या पाण्यानं कोपरापर्यंत कितीही हात घासले तरी ते स्वच्छ झाले असं मनाला पटत नाही, आणि तसेच हात घेऊन बाळंतिणीजवळ जावं लागतं.

मी म्युनिसिपालिटीच्या सूतिकागृहात नर्स होते. दोन खोल्या, चार खाटा, मागं पडवी आणि पडवीला लागून माझी राहायची खोली. नवरा लवकर वारला, माहेरी भावजयीच्या हाताखाली राहण्यापेक्षा नागपूरला जाऊन शिकले आणि नोकरी घेऊन या रेल्वेलाइनवरच्या गावी आले. कापसाच्या दिवसांत इथं जिनिंगच्या कारखान्याचा भोंगा वाजला की लोक उठायचे आणि गाठींनी भरलेल्या मालगाड्या तासन्‌तास खोळंबलेल्या असायच्या. गावात पैसा होता. पाणी नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर बुलढाण्याहून सिव्हिल सर्जन तपासणीला आले. पडवीतल्या पिंपात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं आणि बाहेर जाऊन थुंकले. मग शेरेबुकात लिहिलं, की मार्चअखेरपर्यंत गोड्या पाण्याची रोजची, खात्रीची सोय झाली नाही तर सूतिकागृह बंद करावं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

पण बंद म्हणजे काय हे त्यांना बुलढाण्यात बसून दिसणार नव्हतं. बंद म्हणजे बायका पुन्हा घरच्या काळोख्या खोलीत, विळ्यानं नाळ कापणाऱ्या म्हातारीच्या हाती. माझी बदली झाली असती, पगार चालू राहिला असता. त्या खोल्यांत दुसरं कुणी आलं नसतं. शेरा लिहून मोटार गेली त्या दिवसापासून मला जेवायलाही नीट बसवेना. घास घ्यायचा, उठायचं, पिंपात डोकवायचं. जणू मी पाहिलं नाही तर ते आटून जाईल.

म्युनिसिपल कमिटीचे अध्यक्ष गावातले मोठे जमीनदार होते. सगळे त्यांना मालक म्हणत. त्यांच्या सुनेची पहिली दोन्ही बाळंतपणं मीच केली होती, त्यामुळे त्यांच्या ओसरीवर मला कुणी थांबवत नसे. मी शेऱ्याची नक्कल त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि कमिटीचे हात कसे बांधलेले आहेत ते सांगायला लागले. नदीपलीकडून नळ आणायचा तर सरकारी मदत हवी. आणि लहान कमिटीला पाणीपट्टी बसवता यावी म्हणून कायद्यात एक ओळ घालायला हवी. ती ओळ नागपूरच्या कायदे कौन्सिलातच घातली जाणार. चार वर्षं अर्ज जात होते आणि चार वर्षं ‘विचार चालू आहे’ असं उत्तर येत होतं.

आता एकच वाट होती. आमच्या भागातून कौन्सिलात निवडून गेलेले एक वकील होते. त्यांनी कौन्सिलाच्या या खेपेच्या बैठकीत उभं राहून आमची बाजू मांडली तरच काही हलणार होतं. मालकांनी त्यांना गाव पाहायला बोलवायचं ठरवलं. मी एवढंच म्हणाले, की त्यांना सरळ सूतिकागृहात आणा, पिंप दाखवा, दुसरं काही करू नका. मालकांनी मान हलवली. मी त्या मानेवर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

वकीलसाहेब होळीच्या आठ दिवस आधी यायचे होते. त्या दिवशी पहाटेच सातपुड्याच्या बाजूच्या एका खेड्यातून बैलगाडीत घालून एक पहिलटकरीण आणली. सोबत सासू होती. पोर घाबरलेली, कळा मंद. अजून बराच वेळ लागणार हे मला दिसत होतं. मी पखालवाल्याची वाट पाहत बसले. हा मुसलमान म्हातारा रोज सूर्य उगवायच्या सुमारास म्हशीवरून पखाल आणायचा आणि पिंप भरून जायचा. त्या दिवशी ऊन पडवीत आलं तरी त्याचा पत्ता नाही. शेवटी आला तो रिकाम्या म्हशीसकट.

“बाई, आज पाणी नाही भेटत,” तो दारातूनच म्हणाला. “सेक्रेटरीसाहेबाचा हुकूम हाय. गावातल्या साऱ्या पखाली टेसनच्या रोडवर.”

“रोडवर कायले?”

“शिंपडाले. पाव्हण्याच्या अंगावर धूळ नाही उडाली पाह्यजे म्हणे.”

त्याला स्वतःलाच लाज वाटत होती, तेव्हा त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता. मी सासूला शेजारी गोडं पाणी मागायला पाठवलं. ती हात हलवत परत आली. शेजारच्या घरांतलं साठवणीचं पाणीही आदल्या संध्याकाळीच घागरी घागरींनी मागून नेलं होतं. मालकांच्या वाड्यात पाहुण्याच्या आंघोळीचा बंब भरायचा होता, पंगतीचा स्वयंपाक व्हायचा होता, सरबत व्हायचं होतं. कुणी नाही म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? गावात पाहुणा येतो आणि त्याला हात धुवायला पाणी नाही, हे आमच्या वऱ्हाडात कुणी डोळ्यांनी पाहू शकत नाही. तहान दाखवायला बोलावलेल्या माणसासाठी अख्ख्या गावानं स्वतःची तहान झाकून ठेवली होती, आणि तीही खुशीनं.

मी खारं पाणी उकळायला ठेवलं. कमिटीच्या सेक्रेटरींकडे दोनदा निरोप पाठवला. पहिल्यांदा उत्तर आलं, की साहेब गाडीतून उतरले. दुसऱ्यांदा, की साहेब जिनिंग पाहत आहेत. मग जेवणं. दुपार टळली तशी पोरीच्या कळा वाढल्या. मी खाटेपासून दारापर्यंत आणि दारापासून खाटेपर्यंत किती चकरा मारल्या कोण जाणे. सासू शेवटी वैतागून म्हणाली, “बाई, बाळंतीण ते हाय का तुमी? बसा ना घडीभर.”

तेवढ्यात फाटकाशी टांगे थांबल्याचा आवाज आला. मी हात पुसून पुढं जाणार, इतक्यात पोरीनं माझं मनगट धरलं आणि सोडेना. खिडकीतून मला मालकांचा फेटा दिसत होता आणि त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ते वकीलसाहेबांना सांगत होते, की आत बाळंतीण आहे, पुरुषांनी जाणं बरं नाही. वकीलसाहेब लगेच थांबले. सभ्य गृहस्थ होते. बाहेरूनच त्यांनी इमारत पाहिली, छान आहे म्हणाले. टांगे वळले आणि चाकांचा आवाज लांब गेला.

पोरीचा हात सुटल्यावर मी बाहेर आले. फाटकाशी पाटावर मालकांच्या माणसांनी आणलेलं तांब्याचं मोठं घंगाळ होतं, काठोकाठ भरलेलं, वर झेंडूच्या पाकळ्या. पाहुण्याच्या पायांसाठी. त्यातलं तांब्याभर पाणी वापरलं होतं, बाकी तसंच. खालची माती ओली होऊन काळी पडली होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं होतं.

मी आणि सासूनं मिळून ते घंगाळ आत नेलं. पाकळ्या काढल्या, धुतलेल्या धोतराच्या चौपदरी घडीतून पाणी गाळलं, उकळलं. दिवस मावळायच्या आत पोरगी मोकळी झाली. मुलगी झाली. दोघी ठीक होत्या. यात माझं काही विशेष नाही, पोरगी धट्टीकट्टी होती. पण हात धुताना त्या दिवशी माझ्या तोंडात शिव्याच येत होत्या.

आठवड्यानं नागपूरहून वकीलसाहेबांचं पत्र आलं. मालकांनी मला बोलावून ते सेक्रेटरींना वाचून दाखवायला लावलं. वकीलसाहेबांनी पाहुणचाराबद्दल मनापासून आभार मानले होते. गावची व्यवस्था पाहून समाधान वाटलं, असं लिहिलं होतं. भर फाल्गुनात जिथं रस्त्यांवर सडा पडतो त्या गावाची मागणी खरोखर तहानलेल्या गावांच्या पुढं रेटणं आपल्याला योग्य वाटत नाही, आपण पुढच्या वर्षी अवश्य पाहू. पत्र चांगल्या कागदावर होतं आणि त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं.

ओसरीवर कमिटीचे चार-पाच जण बसले होते. कुणी वर पाहीना. मालक भिंतीकडे बघत म्हणाले, “मंग काय करायचं होतं? पाव्हण्याले कोरडं गाव दाखवायचं काय?”

“हाव,” मी म्हणाले. “त्यासाठीच बोलावलं होतं ना त्याहीले.”

मार्च संपायला दोन आठवडे उरले होते आणि कौन्सिलची बैठक चालू होती. मी सांगितलं, की आता एकच करता येतं. वकीलसाहेबांना खरं लिहून द्यायचं. तुम्ही पाहिलं ते आमचं रोजचं पाणी नव्हे. तुमच्यासाठी आम्ही सगळं गाव तहानलेलं ठेवून ते गोळा केलं. त्या दिवशी सूतिकागृहात थेंब नव्हता. खाली सगळ्यांच्या सह्या.

एकदम गलका झाला. कापसाचे एक व्यापारी कमिटीत होते, पाहुण्यासाठी त्यांनी पदरचं पाणी सगळ्यांत जास्त दिलं होतं. ते उठूनच उभे राहिले. “हे काय लिवून द्यायचं काम हाय? नागपुरात हसतीन आपल्यावर. पेपरात येईन.” दुसरे म्हणाले की हा आपणहून खोटेपणा कबूल करणं झालं. मी म्हणाले की खोटेपणा तुम्ही केला नाही, पाहुणचार केला, पण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. हे कुणाला आवडलं नाही.

सेक्रेटरी निवृत्त मास्तर होते आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक मसुदा दाखवला. ‘सन्माननीय अतिथींच्या आगमनानिमित्त जलाचा किंचित् विशेष विनियोग घडून आला असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी विचारलं, याचा अर्थ काय. ते म्हणाले, अर्थ कळू नये म्हणूनच तसं लिहिलंय. मी त्यांच्याच टेबलावर बसून दुसरा कागद घेतला आणि स्वतः लिहिला. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. सहा वाक्यं झाली. त्यांनी ती निमूटपणे नीट उतरवून काढली.

मग सह्या. मी दारोदार फिरले. सकाळी तपासण्या उरकायच्या, डोक्यावर पदर घ्यायचा आणि निघायचं. कमिटीतल्या बहुतेकांच्या घरात मी कधी ना कधी रात्र जागवली होती, पण त्यांच्याशी मी बोललेच नाही. त्यांच्या बायकांशी बोलले. एकीनं तर नवऱ्याला आतून सांगितलं, की करा बरं सही, नाही तर पुढल्या खेपेला तुम्हीच पाणी तापवा आन्‌ तुम्हीच धरा मले. बाहेर आलेल्या नवऱ्यानं माझ्याकडे न पाहता सही केली. व्यापाऱ्यांनी दोन दिवस मला टाळलं. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर मी बसूनच राहिले, गिऱ्हाइकं बघायला लागली, तेव्हा त्यांनी कागद ओढून घेतला.

मालक मात्र ऐकेनात. त्यांच्या सहीशिवाय बाकीच्यांना अर्थ नव्हता. त्यांचं म्हणणं एकच, तीन पिढ्या या घरातून कुणी तहानलेला गेला नाही, आणि ते काही चूक म्हणून लिहून देणार नाहीत. मला समजत होतं. पण समजून घेत बसायला वेळ नव्हता.

“मालक,” मी म्हटलं, “सूनबाईचे दिवस वैशाखात भरतात. मी तवा बुलढाण्याले असन.”

“धमकी देऊन राह्यल्या काय, बाई?”

“नाही. तारीख सांगून राह्यली.”

त्यांनी कागद पुढं ओढला. मग चष्मा मागवला. सही करताना कागद इतका दाबला की लेखणीचं टोक आरपार गेलं.

टपालावर माझा भरवसा नव्हता. सकाळच्या गाडीनं मी आणि सेक्रेटरी निघालो. मी बायकांच्या डब्यात, ते पुरुषांच्या. अकोला, बडनेरा, वर्धा. प्रत्येक स्टेशनवर गाडी का थांबते असं मला वाटत होतं. जणू इतर कुणाला कुठं जायचंच नव्हतं. संध्याकाळी वकीलसाहेबांच्या बिऱ्हाडी पोहोचलो. सेक्रेटरी ओट्यावरच थांबले. आत मी गेले.

वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या कागद वाचला आणि हसले. मग खाली बसून पुन्हा वाचला. या वेळी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “त्या दिवशी आत खरंच पाणी नव्हतं?”

“नव्हतं. तुमचे पाय धुवायला ठेवलं होतं त्यातलं मी वापरलं.”

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, की परवा या विषयाला वेळ आहे, तोवर थांबा.

कौन्सिलात प्रेक्षकांसाठी वर गॅलरी होती. तिथं आम्ही दोघं जाऊन बसलो. भाषणं इंग्रजीत. माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरचं, त्यामुळे सेक्रेटरी हळू आवाजात अर्थ सांगत होते. आमचा नंबर येईतो दुपार झाली. मी पदराचं टोक इतकं पिळलं की ते चुरगळून गेलं. वकीलसाहेब उठले, थोडं बोलले आणि मग त्यांनी आमचा कागद वाचायला घेतला. दुसऱ्या वाक्याला हशा पिकला. तिसऱ्याला जास्त. सेक्रेटरींनी अर्थ सांगणं बंद केलं आणि मान खाली घातली.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“हसतात.”

“ते मले दिसते. काऊन हसतात?”

मला वाटलं, गेलं. सगळ्या गावाची अब्रू मी एका कागदात बांधून इथवर आणली आणि वरून फेकून दिली. उठून जावं असंही वाटलं. तेवढ्यात समोरच्या बाकावरचे एक हिंदी भाषिक सभासद उठले. जबलपूरच्या बाजूचे होते म्हणे. सेक्रेटरींनी हळूहळू मान वर केली आणि पुन्हा कुजबुजायला लागले. ते गृहस्थ सांगत होते, की गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः एका गावाची पाहणी केली. तिथंही रस्त्यांवर सडा होता, विहिरीवर नवा दोर होता, आणि आपण त्या गावाची मागणी बाजूला ठेवली. आता आपल्याला त्या गावातल्या लोकांची तोंडं आठवत आहेत. यावर कुणी हसलं नाही. बाकांवर चुळबुळ झाली. मला वाटतं, तिथं बसलेल्या पुष्कळांनी असे रस्ते पाहिले असावेत.

शेवटी सरकारच्या बाजूनं उत्तर आलं. पावसाळ्याआधी इंजिनिअर पाठवून नळाची पाहणी करू. कायद्यातली ओळ मात्र आधी छाननीला निवडक सभासदांच्या समितीकडे जाईल. मी सेक्रेटरींना विचारलं, हे हो आहे की नाही. ते म्हणाले, “दोन्ही नाही. पण लेखी आहे.”

मला लेखीच हवं होतं. त्याची नक्कल घेऊन मी परत येताना गावी न उतरता पुढं मलकापूरला गेले, तिथून बुलढाण्याची मोटार पकडली. सिव्हिल सर्जननी कागद वाचला, शेरेबुक मागवलं आणि आपल्याच शेऱ्याखाली लिहिलं, की पाहणी व्हायची असल्यानं मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवली आहे, तोवर कमिटीनं रोजची पहिली पखाल सूतिकागृहाला द्यावी.

गावी आले तशी स्टेशनवरून सरळ मालकांकडे गेले. ते ओसरीवर एकटेच होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हसले काय?”

“हसले.”

“लय?”

“आधी लय. मंग नाही.” मी त्या जबलपूरकडच्या सभासदाचं बोलणं सांगितलं. मालकांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग शेरा वाचला आणि पहिल्या पखालीचा हुकूम तिथल्या तिथं सोडला. मी हललेच नाही, तेव्हा ते म्हणाले, “झालं ना आता तुमच्या मनासारखं? आता काय राह्यलं, बाई?”

“सप्टेंबर राह्यला, मालक. इंजिनिअर कवा येते ते विचारायचं पत्र आजच टाकावं म्हणते.”

त्यांनी कपाळावर हात मारला आणि सेक्रेटरींना बोलवायला माणूस पाठवला.